दाराची जाहिरात आणि मुलाचा चेहरा



विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, तुम्ही आयुष्यभर कांट शिकवला, आता व्हॉट्सॲपवर कुठे बोलताय?" आम्ही म्हटलं, कांटच शिकवणार आहोत, फक्त फळा वेगळा आहे. (हशा) बालकल्याणाचे काम करणाऱ्या संस्था, समित्या, सरकारी खाती आणि आपल्यासारखी सुस्थितीतली माणसे मोबाइलवरून मुलांविषयी जे काही सतत पाठवत असतात, त्याची आज आम्ही चिकित्सा करणार आहोत. चिकित्सा म्हणजे सरसकट निंदा नव्हे, हे आधीच सांगतो. आणि सुरुवात स्वतःपासून करतो.

निवृत्तीनंतर काही वर्षे आम्ही एका बालगृहाच्या व्यवस्थापन समितीवर होतो. संस्थेचे नाव घेत नाही. एका बैठकीला पंचविशीचा एक तरुण वेळ मागून आला. वयाच्या नवव्या वर्षापासून अठरा पूर्ण होईपर्यंत तो त्याच इमारतीत राहिलेला. पुढे शिकला, नोकरीला लागला. त्याच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याला संस्थेच्या फेसबुक पानावर एक फोटो दिसला होता. अकरा वर्षांचा हा मुलगा, हातात ब्लँकेट, शेजारी पाहुणे. खाली ओळ: अनाथ मुलांना मायेची ऊब. पुढे मुलाचे नाव, आणि त्याचे वडील तुरुंगात असल्याचा उल्लेख. सहकाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. "अरे, हा तूच ना?" असे लिहून त्याने तो फोटो कचेरीच्या ग्रुपवर टाकला, इतकेच.

तरुणाची मागणी एका वाक्याची होती: तो फोटो काढून टाका. समितीने चाळीस मिनिटे चर्चा केली! एक सदस्य त्याला म्हणाले, "पण यात वाईट काय आहे? तू तर छान हसतोयस." तो म्हणाला, "हसायला सांगितलं होतं, सर."

आम्ही तिथे होतो. नीतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेले आम्ही त्या क्षणी काय बोललो? "विचार करून कळवतो." फोटो तीन आठवड्यांनी निघाला.

आता कायदा पाहा. 2015 च्या बालन्याय अधिनियमाचे कलम 74 सांगते की काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे किंवा विधिसंघर्षग्रस्त बालकाचे नाव, पत्ता, शाळा, अथवा ज्यावरून त्याची ओळख पटेल असा कुठलाही तपशील वर्तमानपत्रात, दृक्‌श्राव्य माध्यमात किंवा संपर्काच्या इतर कोणत्याही प्रकारात उघड करायचा नाही. छायाचित्रही नाही. बालकल्याण समिती किंवा बालन्याय मंडळ, मुलाच्या हिताचे असेल तरच आणि कारणे लेखी नोंदवूनच, परवानगी देऊ शकते. मोडले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "संपर्काच्या इतर कोणत्याही प्रकारात" यात तुमचा स्टेटस येतो, संस्थेचे पान येते आणि वाढदिवसाचा व्हिडिओही येतो. हल्ली डोळ्यांवर काळी पट्टी ओढतात किंवा चेहऱ्यावर हसरा इमोजी चिकटवतात. पण अंगात शाळेचा गणवेश, मागे संस्थेची पाटी! गावाला कळायला आणखी काय लागते? कायद्याने चेहरा नव्हे, ओळख झाकायला सांगितली आहे.

एवढे स्पष्ट असताना चांगली माणसे हे का करतात? आम्ही का केले? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल, पुण्यात, 1863 सालात.

त्या वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. वैधव्यात दिवस गेलेल्या बायकांपुढे त्या काळी विहीर किंवा मुलाचा गळा, असे दोनच मार्ग उरत. फुल्यांनी त्याची जाहीर पत्रके लावली. म्हणजे त्या वेळचे जे समाजमाध्यम होते, भिंत आणि छापील कागद, ते बेधडक वापरले. पण मजकुराचा आशय काय? इथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हा. मूल न्यायचे की ठेवायचे ते तुमच्या खुशीवर. आम्हाला यात एक तत्त्व दिसते, आणि आजचे आमचे सगळे म्हणणे त्यावर उभे आहे. प्रसिद्धी दाराला दिली होती. आत येणाऱ्या बाईचा आणि जन्मणाऱ्या मुलाचा त्या कागदावर मागमूस नव्हता. दार सगळ्या शहराला माहीत हवे, आणि दारातून कोण आत गेले ते कुणालाच माहीत नको. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधी नाहीत. दुसरीची खात्री असते, म्हणूनच पहिली उपयोगी पडते. आत गेल्यावर आपले नाव भिंतीवर लागणार असेल, तर त्या दारात कोण जाईल?

आमच्या काळातला याचा सर्वांत चांगला वारस म्हणजे 1098 हा फोन क्रमांक. 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका क्षेत्रीय प्रकल्पातून चाइल्डलाइन उभी राहिली. पुढे अनेक वर्षे ठिकठिकाणच्या स्वयंसेवी संस्थांनी ती चालवली आणि 2023 पासून सरकारने ती स्वतःकडे घेऊन 112 शी जोडली. दहा-नऊ-आठ! अक्षर न ओळखणाऱ्या पोरालाही पाठ होईल असा आकडा. फलाटावर, शाळेच्या भिंतीवर, पाठ्यपुस्तकात तो छापला जातो. दाराची जाहिरात ती हीच. आणि पलीकडे कोण बोलतो आहे, ते जगाला कळत नाही. या कामात 'मूक कॉल' असा एक शब्द आहे. मूल फोन लावते आणि बोलतच नाही. नुसता श्वास ऐकू येतो, कधी मागे रस्त्याचा आवाज. घेणाऱ्याने फोन ठेवायचा नसतो; अधूनमधून "मी आहे" एवढेच म्हणत थांबायचे असते. काही मुले दोन-चारदा असे गप्प राहून मग पाचव्या वेळी बोलतात. इलेक्ट्रॉनिक संपर्काला आम्ही नावे ठेवतो असे कुणाला वाटले असेल, तर हे लक्षात घ्यावे. तारेवरून एखाद्या मुलाची शांतता ऐकून घेण्याइतके चांगले काम या यंत्रांनी क्वचितच केले असेल.

मग ब्लँकेटचा फोटो कुठे चुकतो? इथे कांट येतो. 1785 च्या त्याच्या पुस्तकात एक प्रसिद्ध सूत्र आहे, की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, त्याच वेळी साध्य म्हणूनही वागवावे. 'केवळ' हा शब्द विद्यार्थी परीक्षेत हमखास गाळतात आणि आम्ही हमखास गुण कापायचो. साधन म्हणून आपण एकमेकांना रोजच वापरतो. दूधवाला आमचे साधन, आम्ही त्याचे. तेव्हा देणगीदाराने मुलाबरोबर फोटो काढला म्हणून लगेच तो पापी ठरत नाही. कसोटी अशी, की ज्याचा उपयोग होतो आहे त्याला त्या उद्देशात सामील होता येते का, आणि नाही म्हणता येते का?

आता तो अकरा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. डिसेंबरची थंडी. ब्लँकेट पाहुण्यांच्या हातात. फोटोग्राफर म्हणतो, इकडे बघ, हस. नाही म्हणायचे तर ब्लँकेटला नाही म्हणायचे का? अधीक्षक बाजूला उभे आहेत, रात्री जेवण त्यांच्याच हाताखाली आहे. ज्याच्यावर आपले जेवणखाण अवलंबून आहे, त्याला दिलेला होकार हा होकार असतो का? आणि समजा मुलगा खरोखर खुशीने उभा राहिला, तरी अकरा वर्षांच्या मुलाने पंचविशीतल्या माणसाच्या वतीने होकार कसा द्यायचा? फोटो काढला एका मुलाचा, अब्रू गेली दुसऱ्याच माणसाची, जो तेव्हा अजून अस्तित्वातच नव्हता. वर्तमानपत्राच्या जमान्यात हा प्रश्न इतका टोकदार नव्हता. आठवड्याने त्या कागदात भजी बांधली जायची. (हशा) आता कागदही नाही आणि भजीही नाहीत; वर फोनच सांगतो, "आठ वर्षांपूर्वी आजच्या दिवशी".

त्या ओळीतल्या 'अनाथ' शब्दाबद्दलही थोडे बोलतो. त्याचे वडील हयात होते, म्हणजे शब्द खोटाच होता. पण ओळ लिहिणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती; 'अनाथ' म्हटले की वाचणाऱ्याचा हात खिशाकडे जातो. खरोखर अनाथ असलेल्या मुलांना महाराष्ट्रात 2018 पासून शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे आणि त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र मिळते. तिथे तोच शब्द मुलाच्या हातातले हत्यार होतो. कारण कागद त्याच्या खिशात असतो. कुठल्या खिडकीवर दाखवायचा, कुठे नाही, हे तो ठरवतो. फोटो मात्र दुसऱ्यांच्या खिशात.

संस्थाचालक यावर जे म्हणतात ते ऐकून घेतले पाहिजे, कारण ते ढोंगी नाहीत. सरकारी अनुदान वेळेवर येत नाही, किराणावाला उधारी थांबवतो, आणि देणगीदार म्हणतो, "फोटो पाठवा, मग पुढचा चेक देतो." आम्ही समितीत हे हिशेब डोळ्यांनी पाहिले आहेत. तरीही आमचे म्हणणे असे, की देणगीदाराला पुरावा हवा असेल तर पुराव्याच्या गोष्टी दाखवा. दुरुस्त केलेले छप्पर दाखवा. कोठीतली धान्याची पोती दाखवा. लेखापरीक्षकाची सही असलेला ताळेबंद दाखवा. किती मुले दहावी झाली, तो आकडा नावांशिवाय टाका. एवढ्यावर जो देणगीदार समाधानी होत नाही, त्याला ब्लँकेट पोचल्याचा पुरावा नको असतो, आभाराचा पुरावा हवा असतो. मुलाचे हसू ही त्याची पावती असते. आणि घरच्या मुलाचा वाढदिवस आश्रमात साजरा करणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीयांचे निराळे काय आहे? केक कापतो आपला मुलगा, टाळ्या वाजवतात ती चाळीस मुले. त्यांतल्या अनेकांना आपला वाढदिवस कधी येतो तेच ठाऊक नसते. त्या चाळिसांना त्या व्हिडिओत पार्श्वभूमीचे काम मिळालेले असते.

आता अवघड जागेकडे येतो. हरवलेले मूल. इथे फोटो झाकून कसे चालेल? सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवायला सांगितले. 'ट्रॅक चाइल्ड' हे संकेतस्थळ होते, 2015 साली 'खोया-पाया' आले. पहिल्या काही तासांत फोटो जितका पसरेल तितका चांगला, हे आम्ही मान्य करतो. मुलाच्या हितासाठी समितीची लेखी परवानगी हा अपवाद याच प्रसंगांसाठी आहे. पण हौशी माणूस काय करतो? तारीख नाही, पोलीस ठाण्याचे नाव नाही, नुसते "जास्तीत जास्त शेअर करा." मूल त्याच संध्याकाळी घरी येते, निरोप पाच वर्षे फिरत राहतो. सापडल्याची बातमी कुणी पुढे पाठवत नाही.

याहून गंभीर प्रकार सापडलेल्या मुलांचा. "ही मुलगी अमुक स्थानकावर सापडली, सध्या तमुक बालगृहात आहे, ओळखत असाल तर संपर्क करा." पाठवणाऱ्याचे मन स्वच्छ असते. पण प्रत्येक सापडलेले मूल हरवलेलेच असते असे नाही. काही पळालेली असतात, आणि कुणाला तरी टाळून पळालेली असतात. सापडलेल्या मुलाला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करायचे आणि समितीने चौकशी केल्याशिवाय कुणाच्याही हवाली करायचे नाही, ही सगळी दगदग कशासाठी? दारात "मी तिचा मामा" म्हणून उभा राहिलेला माणूस कोण आहे हे आधी कळावे म्हणून. तुमच्या त्या निरोपाने त्याच माणसाला पत्ता घरपोच दिलेला असतो.

आणि मुलांच्या काळजीचा निरोप माणसे मारू शकतो, हे आपल्याच राज्यात घडले आहे. 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातले, साक्री तालुक्यातले राईनपाडा. बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप मोबाइलवर फिरत होते. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्या वर्षी देशभर एक चित्रफीत फिरत होती: मोटारसायकलवरून दोघे येतात आणि खेळणारे मूल उचलून नेतात. ती मूळची कराचीची, मुलांच्या सुरक्षिततेसाठी जनजागृती करणारी फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि हातात फलक धरतात. तो शेवट कुणीतरी कापला. बालसंरक्षणाचा संदेश शेवटची काही सेकंदे गमावून चिथावणी झाला. अर्थ वाक्यात नसतो, वापरात असतो, हे आम्ही वर्गात चहाच्या कपाचे उदाहरण देऊन शिकवत असू. राईनपाड्यानंतर ते उदाहरण द्यायची आम्हाला लाज वाटू लागली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ठीकच केले. पण निरोप पुढे ढकलणाऱ्या बोटाला आपण पुण्य करतो आहोत असे वाटत होते, त्याला मर्यादा कोण घालणार? मुलांचा विषय निघाला की आपली शंका घेण्याची सवय सुटते. हा आमच्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

सरकारबद्दलही दोन शब्द, घाईत. अंगणवाडी हा शब्द आला कुठून? ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला पाहिले, की वाडीपाड्यातली मुले शाळेत येत नाहीत. मग शाळाच त्यांच्या अंगणात नेली. बाईने मुलाकडे चालत जायचे, हा त्या शब्दाचा आशय. आज त्या बाईच्या हातात पोषण ट्रॅकर ॲप आहे. 2021 साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन जुने, कमी क्षमतेचे, आणि ॲप इंग्रजीत. काही जणांनी त्यांना यंत्राला घाबरणाऱ्या ठरवले. आम्हाला ते आंदोलन फार समंजस वाटले. ज्या भाषेत आपण मुलाच्या आईशी बोलतो, त्या भाषेत तिच्या मुलाची नोंद व्हावी, एवढेच त्यांचे मागणे होते. जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटांसाठी चेहरा जुळवून पाहणे सक्तीचे झाले. तान्ह्या मुलाच्या बाबतीत त्याच्या आईचा किंवा पालकाचा चेहरा. चोरी थांबावी हा हेतू वाईट नाही. पण जिला सेविका वर्षानुवर्षे नावाने हाक मारते, ती तीच आहे की नाही, हे आता फोन ठरवणार, आणि पाड्यावर रेंज नसेल तर तेही नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ लेव्हिनास म्हणत असे, की दुसऱ्याच्या चेहऱ्याला खरे सामोरे जाताना त्याच्या डोळ्यांचा रंगही आपल्या लक्षात येत नसतो. चेहरा म्हणजे मोजण्याची वस्तू नव्हे, तो आपल्याकडे काहीतरी मागत असतो. संस्थेच्या पानाने त्या चेहऱ्याचे चित्र केले, ॲपने किल्ली केली. तो जे मागत होता ते दोन्हीकडे राहूनच गेले.

त्या तरुणाकडे परत येतो. बालन्याय अधिनियमाच्या कलम 3 मध्ये जी तत्त्वे दिली आहेत, त्यांत 'नव्याने सुरुवात' असे एक तत्त्व आहे. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर मुलाच्या जुन्या नोंदी पुसून टाकाव्यात. किती उदार विचार आहे! कायदा म्हणतो, विसरा. आणि त्याच कायद्याखाली नोंदलेली आमची संस्था विसरू देत नव्हती. पानावरून फोटो निघाला, तेव्हा आम्हाला वाटले प्रकरण संपले. मग कळले की तोच फोटो त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात आहे, अहवालाची पीडीएफ संकेतस्थळावर आहे, आणि पाहुण्यांनी स्वतःच्या पानावर निराळी प्रत टाकली आहे. अहवाल आम्ही बदलून घेतला. पाहुणे आता हयात नाहीत, त्यांच्या पानाचा पासवर्ड त्यांच्या मुलांकडेही नाही. फेसबुककडे तक्रार कशी करायची हे त्या तरुणानेच आम्हाला बसून दाखवले. आमच्या टेबलाशी बसून, आमच्याच फोनवर, कारण तक्रार संस्थेच्या बाजूने जायला हवी होती. अर्ज भरताना एक रकाना आला: छायाचित्रातील व्यक्तीशी तुमचे नाते. आम्ही त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "तुम्हीच सांगा, सर, काय लिहायचं."

आम्ही बराच वेळ काही टाइप करू शकलो नाही. तो फोटो परवापर्यंत तिथे होता. आज सकाळी आम्ही पाहिलेले नाही.

वेळ झाली आहे, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. प्रश्न असतील तर घेऊ. फक्त पहिल्या रांगेत जे आमचे चित्रीकरण करत आहेत त्यांना विनंती, मागे बालगृहातली काही मुले बसली आहेत, कॅमेरा तिकडे वळवू नका.